खणातला बॅज

माझ्या थोरल्या भावाची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा मी कॅथलॅबच्या काचेमागे बसलो होतो. एरवी नातेवाइकाला तिथे कुणी बसू देत नाही; पण ती करणारा डॉक्टर माझा शाळेपासूनचा मित्र. काचेपलीकडे तो, त्याचा सहायक, एक सिस्टर, एक टेक्निशियन. प्रत्येकाच्या अंगावर शिशाचा एप्रन, गळ्याला कॉलर. पडद्यावर भावाचं हृदय हलत होतं, धमनीतून काळी तार सरकत होती, आणि मित्राचा पाय पेडलवर पडला की चित्र जिवंत होत होतं, पाय उचलला की थिजत होतं. पाऊण तासात रक्ताची वाट मोकळी झाली. नंतर चहा घेताना मी सहज विचारलं, ‘‘तुझा तो रेडिएशनचा बॅज दिसला नाही रे कुठे?’’ त्याने टेबलाचा खण ओढून दाखवला. बॅज आत होता, कोरा करकरीत. ‘‘रोज लावला तर तिमाहीच्या शेवटी आकडा वर जाणार. मग पत्रं, खुलासे. आणि काही दिवस केसेस थांबवा म्हणाले, तर रात्री दोनला अटॅक घेऊन येणाऱ्याला इथे कोण बघणार?’’

त्याला उत्तर द्यायला माझ्याकडे त्या क्षणी काही नव्हतं. ज्याने नुकताच माझा भाऊ वाचवला त्याच्याशी काय वाद घालायचा? पण एका चांगल्या डॉक्टरने, कर्तव्यापोटी, स्वतःच्या शरीरात काय जातं आहे ते मोजायचंच नाही असं ठरवावं, ही गोष्ट मला तेव्हापासून सोडत नाही. तो काही एकटा नाही. बॅज खणात किंवा लॉकरमध्ये राहतो, ही या क्षेत्रातल्या लोकांना चांगली माहीत असलेली आणि सहसा जाहीरपणे न बोलली जाणारी बाब आहे.

या बॅजला टीएलडी म्हणतात. आपल्याकडचा हा बॅज मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने घडवला. त्यात डिस्प्रोसियम मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या तीन छोट्या चकत्या असतात. किरण पडले की त्यांची थोडी ऊर्जा चकतीत अडकून राहते. साधारण तीन महिन्यांनी प्रयोगशाळेत चकत्या तापवतात, अडकलेली ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर येते, आणि त्या प्रकाशावरून मिलिसिव्हर्ट या एककात डोस काढून माणसाच्या नावे नोंदवतात. अणुऊर्जा नियामक मंडळाने किरणांजवळ काम करणाऱ्यांसाठी घातलेली मर्यादा अशी: सलग पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कुठल्याही एका वर्षात ३० पेक्षा जास्त नाही. तुम्हाआम्हाला माती, हवा, अन्न आणि आकाशातून मिळणारा नैसर्गिक डोस जगाच्या सरासरीने वर्षाला २.४ मिलिसिव्हर्टच्या आसपास आहे.

खणातल्या बॅजमुळे माझ्या मित्राच्या नावापुढे जवळपास शून्य लिहिलं जातं. त्याच्यासारख्या अनेकांच्या नावापुढे तेच. मग उद्या कुणी या सगळ्या नोंदी एकत्र करून म्हटलं की भारतातल्या हृदयरोगतज्ज्ञांना किरणांचा फारसा धोका नाही, तर त्याला खोडून काढायला आकडा आणायचा कुठून? पडदे घ्या, चष्मे घ्या, आणखी एक टेक्निशियन नेमा, असं व्यवस्थापनाला सांगायला पुरावा लागतो. तो पुरावा डॉक्टर स्वतःच दर तिमाहीला खणात ठेवून देतो. माझा सगळा वाद इथून सुरू होतो.

कॅथलॅबमधल्या माणसांना किरण लागतात तरी कुठून? बहुतेकांना वाटतं, यंत्रातून. यंत्राची नळी टेबलाखाली असते, तिचा झोत वर रुग्णाच्या छातीत जातो, आणि पलीकडचा डिटेक्टर चित्र पकडतो. डॉक्टर त्या झोतात उभा नसतो. पण छातीत शिरलेल्या किरणांतले बरेचसे शरीरातल्या अणूंवर आपटून वाट बदलतात आणि चहूकडे फेकले जातात. हे विखुरलेले किरण डॉक्टरला, सिस्टरला, टेक्निशियनला लागतात. म्हणजे खोलीतल्या माणसांसाठी किरणांचा मुख्य उगम टेबलावर झोपलेला रुग्णच. रुग्णाच्या त्वचेवर पडणाऱ्या किरणांचा सुमारे हजारावा हिस्सा एक मीटरवर पोचतो, असा जाणकारांचा ढोबळ हिशेब आहे. हजारावा म्हणजे किती थोडा, असं वाटेल. पण रुग्ण त्या खोलीत आयुष्यात एकदा-दोनदा येतो. डॉक्टर दिवसात पाच-सहा वेळा, आणि वीस-पंचवीस वर्षं.

या एका गोष्टीतून पुढचं पुष्कळ निघतं. रुग्णाला किरण कमी दिले की डॉक्टरलाही आपोआप कमी मिळतात. ‘आधी रुग्ण, मग आम्ही’ हे वाक्य मी अनेक डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं आहे, त्यामागची भावनाही खरी आहे. पण ते वाक्य दोघांचं हित एकमेकांविरुद्ध आहे असं गृहीत धरतं. इथे बहुतेक वेळा दोघं एकाच बाजूला असतात. झोत हव्या तेवढ्याच भागापुरता आवळून घेतला, डिटेक्टर छातीच्या जवळ आणला, सेकंदाला १५ चित्रांऐवजी साडेसातांवर काम भागवलं, पडद्याकडे बघत नसताना पाय पेडलवरून उचलला, तर दोघांचाही डोस उतरतो. जर्मनीत हृदयरोगतज्ज्ञांना अवघ्या ९० मिनिटांचं प्रशिक्षण दिल्यावर त्यांच्या रुग्णांना मिळणारा डोस जवळपास निम्म्यावर आला. नवं यंत्र नाही, नवी इमारत नाही. दीड तास आणि काही सवयी. हे वाचलं तेव्हा मला आनंद झाला आणि लगेच राग आला. दीड तास इतका महाग कसा असू शकतो?

एक अपवाद मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवा. पूर्वी अँजिओप्लास्टी बहुधा जांघेतून होई, आता ती बहुतेक मनगटातून होते. मनगटातून केल्यास रक्तस्राव कमी होतो, रुग्ण लवकर उठून बसतो. माझा भाऊ त्याच संध्याकाळी स्वतःच्या पायांनी बाथरूमला गेला. पण दोन्ही पद्धतींत डॉक्टरला मिळणारा डोस इटलीत शेजारी शेजारी ठेवून मोजला गेला, तेव्हा मनगटाच्या पद्धतीत डॉक्टरच्या छातीपाशी तो जवळपास दुप्पट भरला. इथे रुग्णाचा फायदा डॉक्टरच्या अंगावरून जातो. तरीही कुणी मनगट सोडावं असं मी म्हणणार नाही. पण तो वाढीव भार त्या डॉक्टरने निमूटपणे सोसायचा, हेही मला पटत नाही. रुग्णाच्या कमरेवर टाकायचा संरक्षक पडदा, हाताला आधार देणारी ढाल, जमेल तिथे डावं मनगट, हे सगळं त्याला मिळालंच पाहिजे. उपकार म्हणून नाही. त्याने रुग्णासाठी उचललेल्या भाराच्या बदल्यात.

डावीकडची गोष्टही सांगितली पाहिजे. डॉक्टर रुग्णाच्या उजव्या अंगाला उभा राहतो. त्यामुळे रुग्णाची छाती, म्हणजे किरण उधळणारा भाग, त्याच्या डाव्या हाताला येतो. डावा हात, डावा डोळा, डावं कानशील. त्यात काही कोनांत नळी डॉक्टरच्या बाजूला झुकते, आणि विखुरलेले किरण सर्वांत जास्त नळीच्याच बाजूला परततात. डाव्या मुख्य धमनीचे फाटे नीट दिसावेत म्हणून हेच कोन वारंवार लागतात. एप्रन छाती-पोट झाकतो. अर्धा मिलिमीटर शिशाइतका एप्रन असेल तर बहुतेक किरण अडतात. डोकं मात्र उघडं. आणि बॅज एप्रनच्या आत, छातीवर. म्हणजे तो अगदी रोज, इमानेइतबारे लावला तरी डोळ्यांना किती लागलं ते सांगत नाही. त्यासाठी कॉलरवर, एप्रनच्या बाहेर दुसरा बॅज हवा. आपल्याकडे किती ठिकाणी तो दिसतो?

डोळ्यांचा पुरावा आता बऱ्यापैकी भक्कम आहे. फ्रान्समध्ये कॅथलॅबमध्ये काम करणारे १०६ हृदयरोगतज्ज्ञ आणि किरणांशी संबंध नसलेले ९९ जण तपासले. भिंगाच्या मागच्या बाजूला येणारी, किरणांशी जोडली जाणारी धूसरता पहिल्या गटात १७ टक्क्यांना होती, दुसऱ्यात ५ टक्क्यांना. भिंगाला पूर्वी समजलं होतं त्यापेक्षा बऱ्याच कमी डोसात इजा होते हे अशा निष्कर्षांतून दिसत गेलं. २०११ मध्ये किरणसंरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने डोळ्याच्या भिंगासाठीची शिफारस वर्षाला १५० मिलिसिव्हर्टवरून एकदम २० च्या सरासरीवर आणली. मर्यादा अशी सातपटीने खाली यावी, हे क्वचित घडतं. ज्या माणसाचा व्यवसायच नजरेवर आणि बोटांवर चालतो, त्याला पन्नाशीत मोतीबिंदू म्हणजे नुसता आजार नाही, त्याचं काम काढून घेणं आहे.

मेंदूबद्दल मी जास्त सावधपणे लिहितो, कारण या विषयावर घबराट पसरवणं सोपं आहे. इस्रायलमधले हृदयरोगतज्ज्ञ एरियल रोगीन यांनी मेंदूत गाठ झालेल्या, किरणांखाली काम करणाऱ्या ३१ डॉक्टरांच्या नोंदी गोळा करून २०१३ मध्ये छापल्या. ज्या २६ जणांत गाठीची बाजू कळत होती, त्यांतल्या २२ जणांत ती डावीकडे होती. हा आकडा वाचून अंगावर काटा येतो. पण ही गोळा केलेली प्रकरणं आहेत, सर्व डॉक्टरांची मोजणी नव्हे; गाठी किरणांमुळेच झाल्या असं यावरून सिद्ध होत नाही. अमेरिकेत अशी कामं करणाऱ्या ४५ हजारांहून जास्त डॉक्टरांचे मृत्यू मानसोपचारतज्ज्ञांच्या मृत्यूंशी ताडून पाहिले, तेव्हा मेंदूच्या कर्करोगाने जास्त मृत्यू दिसले नाहीत. तिथल्याच रेडिओलॉजी तंत्रज्ञांच्या एका अभ्यासात, अशा प्रक्रियांत काम केलेल्यांमध्ये मेंदूच्या कर्करोगाने होणारे मृत्यू दुपटीहून जास्त निघाले. आणि त्याच तंत्रज्ञांचा डोस मोजून पुन्हा तपासलं, तर डोस वाढला म्हणून मृत्यू वाढले असं दिसलं नाही. आपल्या केरळात करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर वाळूतल्या थोरियममुळे लोक पिढ्यान्‌पिढ्या जास्त नैसर्गिक किरणांत राहतात. तिथे सुमारे ७० हजार लोकांच्या पाहणीत कर्करोग वाढलेला आढळला नाही.

मग घाबरायचं कशाला, असं माझ्या मित्रासारखा माणूस म्हणेल. माझं म्हणणं उलट आहे. जिथे पुरावा असा दोन्हीकडे ओढला जातो, तिथे मोजणं हेच पहिलं काम. थोड्या डोसाने किती नुकसान होतं हे ठरवायला हजारो माणसांचे खरे डोस आणि त्यांचं पुढचं आरोग्य वर्षानुवर्षं जोडून पाहावं लागतं. बॅज खणात ठेवणारा डॉक्टर आपला धोका तर झाकतोच, पण त्याच्यामागून येणाऱ्यांना उत्तर मिळण्याची शक्यताही कमी करतो.

किरणांच्या इतिहासात डॉक्टरचं शरीर पणाला लागणं नवं नाही. रोंटगेन यांनी १८९५ च्या नोव्हेंबरात क्ष-किरण शोधले, आणि दहा वर्षांच्या आत, १९०४ मध्ये, एडिसन यांचे सहायक क्लॅरन्स डॅली वारले. नळ्या तपासताना त्यांचे हात जळले होते, ते कापावे लागले होते. हॅम्बुर्गला १९३६ मध्ये किरणांनी बळी घेतलेल्यांचं स्मारक उभं राहिलं तेव्हा त्यावर १६९ नावं होती. हृदयात नळी घालण्याची सुरुवातच मुळी अशी. १९२९ मध्ये एबर्सवाल्डच्या रुग्णालयात वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरने स्वतःच्या दंडाच्या शिरेत नळी सरकवली आणि तशाच अवस्थेत चालत जाऊन क्ष-किरणांखाली ती हृदयात पोचल्याचं पाहिलं. त्याला पुढे १९५६ चं नोबेल विभागून मिळालं. अँड्रियास ग्रुंट्झिग यांनी १९७७ मध्ये झुरिकला हृदयाच्या धमनीची पहिली अँजिओप्लास्टी केली, ती याच वाटेवर. शौर्याचा हा वारसा या शाखेच्या रक्तात आहे, आणि मला त्याचा आदर आहे. पण डॅली यांची जखम हातावर दिसत होती. बघणाऱ्याला थांब म्हणता येत होतं. आजची इजा वीस वर्षांनी, कदाचित, कुणा एकाला होणार. तिचा चेहरा आज नाही. अशा धोक्यापुढे छाती काढून उभं राहण्याने काहीच साधत नाही. तो आकड्यांनीच धरावा लागतो.

एका इजेबद्दल मात्र शंकेला जागा नाही. एप्रन पाच-सात किलोंचा असतो, काही त्याहूनही जड. तो घालून दिवसाचे सहा-आठ तास थोडं वाकून, मान वळवून उभं राहायचं. अमेरिकेतल्या पाहणीत निम्म्या हृदयरोगतज्ज्ञांनी पाठ, मान, गुडघा किंवा कंबरेचं दुखणं सांगितलं. माझा मित्र मणक्याचा पट्टा बांधून ओपीडीत बसतो. किरणांपासून वाचवणारं वस्त्र हाडांवर बसतं, आणि तरीही आपण संरक्षण म्हटलं की पहिल्यांदा एप्रनच आठवतो, कारण तो प्रत्येकाने आपापला उचलायचा असतो. छताला टांगलेली काच, टेबलाला लटकलेले पडदे, चाकांवरची उभी ढाल यांचं वजन कुणाच्या पाठीवर येत नाही. पण त्या खरेदी कराव्या लागतात, दुरुस्त कराव्या लागतात, आणि प्रत्येक केसला कुणीतरी जागेवर ओढाव्या लागतात.

आणि डॉक्टरला निदान बोलता येतं. टेक्निशियनचं काय? सिस्टरचं? डीएम करणाऱ्या निवासी डॉक्टरचं, ज्याला सरांच्या पुढे उभं राहून शिकायचं आहे? रिपोर्टवर, कौतुकात, वर्तमानपत्रात नाव डॉक्टरचं येतं. किरण सगळ्यांना लागतात. टेक्निशियन अनेक ठिकाणी कंत्राटावर. आकडा वाढला तर काम जाईल ही भीती माझ्या मित्राच्या भीतीपेक्षा पुष्कळ खरी. सरच बॅज लावत नाहीत हे त्याला रोज दिसतं. मग त्याने का लावावा? डॉक्टरने खणात ठेवलेला बॅज त्याचा एकट्याचा राहत नाही, खालच्या प्रत्येकाला तोच धडा मिळतो.

मुलींबद्दल तर हे जास्तच लागू आहे. हृदयरोगाच्या या शाखेत येणाऱ्या स्त्रिया आजही थोड्या. गरोदरपणात काय होईल ही भीती त्यांच्या मनात घातली जाते. कधी घरचे घालतात, कधी वरिष्ठ. गरोदरपण कळवल्यानंतर गर्भासाठी एक मिलिसिव्हर्टची मर्यादा आहे. नीट ढाली आणि एप्रन वापरला तर पोटापाशी पोचणारा डोस त्याच्या बराच खाली ठेवता येतो, हे ठिकठिकाणी मोजून दिसलं आहे. पण एखाद्या मुलीला हे सांगायचं तर ‘आमच्या लॅबमध्ये मागच्या दोन वर्षांत एवढा डोस आला’ असं छापील दाखवावं लागतं. जिथे सगळ्यांचे बॅज खणात, तिथे तिला दाखवायला शून्यच आहेत, आणि त्या शून्यांवर तिचा विश्वास बसत नाही. तिने का ठेवावा?

महाराष्ट्रात गेल्या दहा-पंधरा वर्षांत कॅथलॅब मुंबई-पुण्याबाहेर पसरल्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते. २०१७ मध्ये केंद्राने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली. सोलापूर, लातूर, जळगावच्या माणसाला आता मुंबईची गाडी पकडावी लागत नाही. याचं मला मनापासून समाधान आहे. पण योजनेत रुग्णाचं पॅकेज ठरतं, स्टेंटची किंमत ठरते, आणि जे लोक रात्रंदिवस हे काम करतात त्यांच्या संरक्षणाचा खर्च कुठल्याच ओळीत दिसत नाही. ज्या गावात दोनच डॉक्टर हे काम करतात तिथे ‘केसेस थांबवा’ हा हुकूम खरोखरच कुणाच्या तरी जिवावर येऊ शकतो. माझ्या मित्राचा प्रश्न तिथे खरा आहे. त्याचं उत्तर बॅज लपवणं नव्हे. उत्तर असं, की आकडा वाढला तर नियामकाचं पहिलं पत्र डॉक्टरला न जाता व्यवस्थापनाला जावं: छताची ढाल आहे का, चालू आहे का, यंत्राचा वेग कितीवर ठेवला आहे, या माणसाच्या पाळ्या किती? वाढलेला आकडा डॉक्टरचा गुन्हा ठरला की तो लपवला जाणारच.

यंत्रमानव येईल आणि हे सगळं सुटेल, असंही काही जण म्हणतात. २०१८ च्या डिसेंबरात डॉ. तेजस पटेल यांनी गांधीनगरच्या अक्षरधाम मंदिराच्या आवारातून, सुमारे ३२ किलोमीटरवरच्या अहमदाबादच्या रुग्णांवर यंत्रमानवाच्या मदतीने अँजिओप्लास्टी केल्या. पराक्रम मोठा. पण त्या यंत्राचं हृदयरोगातलं काम निर्मात्या कंपनीने २०२३ मध्ये आवरतं घेतलं. जळगावच्या टेक्निशियनला वाचवायला त्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. त्याला लागणारी काच आज मिळते.

भावाच्या त्या दिवसाची एक गोष्ट मी अजून सांगितलेली नाही. लॅबमध्ये छताला टांगलेली ढाल होती. पारदर्शक, चांगली मोठी. तिचा हात दुमडून ती भिंतीकडे ढकललेली होती आणि पूर्ण पाऊण तास तिथेच राहिली. प्रक्रियेआधी सगळे एक मिनिट थांबले होते. सिस्टरने मोठ्याने वाचलं: रुग्णाचं नाव, कुठली धमनी, कुठली ॲलर्जी, रक्त पातळ करणारं औषध दिलं का. प्रत्येकाने हो म्हटलं. त्या कागदावर शेवटी दोन रेघांची जागा रिकामी होती. पुढच्या भेटीत मी मित्राला विचारलं, की तिथे ‘ढाल खाली आहे का’ आणि ‘सगळ्यांचे बॅज लागले आहेत का’ एवढं लिहून सिस्टरला ते रोज मोठ्याने वाचायला सांगशील का, आणि उत्तर ‘नाही’ आलं तर पेडलवर पाय ठेवणार नाहीस का. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘‘माझ्यासाठी नाही करणार. पण त्या पोरी उभ्या असतात ना माझ्या मागे, त्यांच्यासाठी करतो.’’